माशीचं कूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. ताईची निम्मी हयात माशीचं कूळ विचारण्यात गेली. संग्रहालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, जिना संपतो तिथून डावीकडे, शेवटच्या खोलीत ती अठ्ठावीस वर्षं बसत होती. हुद्दा म्हणाल तर नमुने तयार करणारी. बाटलीतून आलेल्या मेलेल्या माश्या वाळवायच्या, बारीक टाचणीवर लावायच्या, खाली नखाएवढी चिठ्ठी खोचायची आणि कुळानुसार खणात ठेवायच्या. खोलीला डांबरगोळ्यांचा वास होता आणि तो ताईच्या कपड्यांतून घरीही यायचा. तिचा नवरा छापखान्यात मुद्रितं तपासायचा. कुणी विचारलं की तो गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "आम्ही दोघंही नोकरी करतो. मी लोकांच्या चुका काढतो आणि ही पगार घेऊन माश्या मारते."

ताई हसून सोडून द्यायची, कारण तिला स्वतःची किंमत माहीत होती. नावापुढे पदवी नव्हती, पण पदव्यांची माळ लावलेली माणसं तिच्या टेबलाशी येऊन उभी राहायची. बाजारात फळं तपासणारा निरीक्षक यायचा, इस्पितळातली माणसं यायची, संशोधन करणारे विद्यार्थी तर रोजचेच. विभागाच्या प्रमुखबाई कामापुरतं बोलणाऱ्या होत्या. कुणी शंका घेऊन गेलं की त्या कागदावरची मान वर न करता म्हणायच्या, "ताईंना विचारा." हे दोन शब्द ऐकले की ताईचा दिवस सोन्याचा व्हायचा.

अशा सुखाच्या दिवसांत तिने आपण होऊन आपल्या धाकट्या बहिणीला त्या खोलीत आणलं.

धाकटीला सगळे बारकी म्हणत. ती रफूचं काम करायची. एका धोब्याच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर तिची खिडकी होती आणि त्या खिडकीत बसून तिने तीस वर्षं लोकांचे कोट, शाली, पडदे असे सांधले की फाटलं कुठे होतं ते खुद्द मालकाला सापडू नये. पण फाटकं कापड सांधून वापरायचे दिवस गेले. धोब्याने पोटमाळा मोडून तिथे यंत्रं बसवली आणि पन्नाशी उलटलेली बारकी घरी बसली. मूल नाही, नवरा केव्हाच गेलेला. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या एका खोलीत ती एकटी राहायची. ताईला तिची काळजी वाटायची. त्याच सुमारास एका वारलेल्या हौशी संग्राहकाच्या चाळीस पेट्या संग्रहालयाकडे आल्या होत्या. आत हजारो माश्या, एकीलाही धड कूळ लावलेलं नाही. ताईने प्रमुखबाईंपाशी शब्द टाकला, "माझी बहीण आहे. हात हलका आहे तिचा. टाचण्या लावायला उपयोगी पडेल."

पहिल्या दिवशी ताईने तिला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं.

"आधी पंख मोज."

"दोन."

"दोनच असले तर माशी. चार असले तर मधमाशी, गांधीलमाशी, ती मंडळी. मागच्या पंखांच्या जागी काय दिसतं?"

"दोन काड्या. टोकाला गुंडी लावलेली."

"त्या तोल सांभाळतात. आता ही दुसरी बघ. हिच्या टाळूवर, दोन डोळ्यांच्या मधे खड्डा आहे ना? तोंडावर दाढी? ही लुटारू माशी. उडत्या किड्याला हवेतल्या हवेत पकडते."

बारकीने बराच वेळ डोळा काढला नाही. मग म्हणाली, "ताई, हे सगळं तू इतकी वर्षं बघतेस? आणि मला आज सांगतेस?"

ताईला इतकं बरं वाटलं की तिने त्या दुपारी चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त काढली.

बारकी शिकत गेली. मांसमाशीच्या पाठीवर तीन काळे पट्टे आणि पोटावर बुद्धिबळाचा पट. फुलासमोर हवेत स्थिर उभ्या राहणाऱ्या माशीच्या पंखात एक खोटी शीर असते, ती कुठूनच निघत नाही आणि कशालाच मिळत नाही. ही शीर पाहून बारकी खुदकन हसली. "रफू सुरू केला आणि जेवायला उठली बघ कुणीतरी!" ताईच्या सगळ्या विद्यार्थ्यांना ही शीर पाठ करायला आठवडा लागला होता. बारकीला पाठ करावंच लागत नव्हतं. आयुष्यभर एकेक धागा बघितलेला तो डोळा. केस कुठे आहे, कुठे नाही, कुठे वाकला, हे तिला आपोआप दिसायचं. लहानपणी आई सुई ओवायला बारकीलाच हाक मारायची आणि वर सगळ्यांसमोर म्हणायची, "थोरलीचे कष्ट, धाकटीचे डोळे." ताई तेव्हा अकरा वर्षांची होती. ते वाक्य इतकी वर्षं कुठेतरी तळाला पडून होतं. आता ते हळूहळू वर यायला लागलं.

पण खरी ठिणगी पडली ती बागांच्या प्रकरणात.

बाजाराचा निरीक्षक एके सकाळी धापा टाकत आला. शहराबाहेरच्या फळबागांमध्ये लावलेल्या सापळ्यात नक्षीदार पंखांच्या सहा माश्या सापडल्या होत्या. फळमाशी असेल तर झाडांवरचं सगळं फळ उतरवून पुरावं लागणार होतं. ताईने एक माशी भिंगाखाली धरली. पंखावर तपकिरी पट्टे, अंगाचा रंग, आकार, सगळं जुळत होतं. अशा माश्या तिने शेकड्यांनी लावल्या होत्या.

"फळमाशीच," ती म्हणाली. निरीक्षक कपाळाला हात लावून जिन्याकडे वळला.

"ताई," बारकी शेजारच्या सूक्ष्मदर्शकावरून म्हणाली. तिने दुसरी माशी घेतली होती. "तूच सांगितलं होतंस ना, फळमाशीच्या पंखाच्या वरच्या काठापाशी एक नाजूक शीर असते, ती एकदम काटकोनात वर वळते आणि वळणावरच विरते?"

"हो. मग?"

"ही वळत नाहीये. ही नुसती कलत कलत काठाला जाऊन मिळते."

निरीक्षक दारात थबकला. ताई पुन्हा वाकली. सहाच्या सहा माश्या तिने बघितल्या. शीर कलत होती. पंखांवर तसेच पट्टे असलेलं दुसरंच कूळ होतं हे, कुजक्या पाल्यावर वाढणारं, फळाला नख न लावणारं. अठ्ठावीस वर्षांत तिने कधी घाई केली नव्हती आणि केली ती नेमकी आज. प्रमुखबाईंना बोलावणं गेलं. त्यांनी उभ्याउभ्याच तपासलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. बागा वाचल्या." त्यांनी बघितलं बारकीकडे.

बारकी लगेच म्हणाली, "ताईनेच शिकवलंय." ती मनापासून म्हणाली. पण ताईला ते भीक घातल्यासारखं लागलं.

त्यानंतर आठ दिवसांनी एक विद्यार्थिनी डबी घेऊन प्रमुखबाईंच्या खोलीत शिरली. ताई बाहेर कपाटाशी होती. आतून प्रमुखबाईंचा तोच आवाज आला, मान वर न करता बोलताना यायचा तो. "बारकीताईंना विचारा."

ताईच्या हातातला खण तसाच राहिला.

मत्सर माणसाला किती लहान करतो याचा अनुभव तिला पुढच्या दोन महिन्यांत आला. चांगला दिवा ती आपल्या टेबलाकडे ओढून घ्यायची. बारकीने नवीन काही विचारलं की म्हणायची, "पुस्तकात बघ की. आता तू काय, मोठी झालीस." बारकीच्या टाचण्या वाकड्या लागल्या आहेत असं तिने एकदा सगळ्यांदेखत सांगितलं आणि त्या सरळ होत्या. घरी नवऱ्यापुढे तिची टकळी चालायची. "तिला काय येतं? कूळ म्हणजे काय नुसते केस मोजणं? मी माश्या हाताळल्यात, आयुष्य घातलंय."

नवरा चष्मा पुसत म्हणायचा, "तिला येतं म्हणून तुझ्या पोटात दुखतंय. येत नसतं तर तू कौतुक केलं असतंस."

"तुमचं बरं आहे. तुम्हाला भाऊ नाही."

"आहे. पण त्याला शुद्धलेखन येत नाही. म्हणून आमचं जमतं."

आणि मग जागा निघाली. पेट्यांचं काम बघून वरच्यांनी एक कायमचं पद मंजूर केलं होतं, कुळं ओळखणाऱ्या सहायकाचं. ताईच्या पदापेक्षा एक पायरी वरचं. वयाची अट नव्हती, पदवीची नव्हती, फक्त परीक्षा. वीस माश्या, वीस कुळं, तीन तास. ताईचं पद वेगळ्या शाखेत मोडत असल्यामुळे तिला बसता येणार नव्हतं. बारकीसह चौघीजणी बसणार होत्या. परीक्षेचे ट्रे तयार करायचं काम अर्थातच ताईकडे आलं. तिच्याइतका भरवशाचा हात विभागात दुसरा नव्हता.

चार ट्रे, प्रत्येकावर बसणारीचं नाव, प्रत्येकात वीस माश्या. तिने ते प्रामाणिकपणे भरले. एकोणिसाव्या खाचेपर्यंत.

विसाव्या जागी एक चकचकीत हिरवी माशी होती. हिरव्या चकचकीत माश्या दोन कुळांत असतात. एक मेलेल्या जनावरावर बसणाऱ्या निळ्या-हिरव्या माश्यांचं, दुसरं आपल्या घरमाशीचं. रंग सारखा, पंखाची वळलेली शीर सारखी. फरक कळतो तो कुशीवर. पंखाच्या खाली, मागच्या पायाच्या जरा वर, ताठ केसांची एक रांग असली तर पहिलं कूळ, नसली तर घरमाशीचं. बारकीच्या ट्रेमधली माशी पहिल्या कुळातली होती. ताईने ती चिमट्याने उचलली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि साफसफाईचा आखूड केसांचा ब्रश घेतला.

माशीचा एक पाय तुटला तर जेवण न जाणारी बाई ती. तिने त्या रांगेवरून ब्रश उलटा फिरवला. केस गळून पांढऱ्या कागदावर पडले, दिसतील न दिसतील असे. एका बाजूचं घासून भागणार नव्हतं, बारकी दोन्ही कुशी बघते हे ताईनेच तिला शिकवलं होतं. तिने माशी फिरवली आणि दुसरी बाजूही घासली. मग कागद झटकला आणि हात धुऊन आली. दुपारचे साडेतीन वाजले होते. खोलीत उन्हाचा पट्टा पडला होता आणि बाहेरच्या व्हरांड्यात कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं.

परीक्षेच्या दिवशी ताई बाहेरच्या बाकावर बसली. दोन तासांत तिघीजणी बाहेर आल्या. बारकी शेवटच्या मिनिटापर्यंत आली नाही. आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. ताईला आधी आनंद झाला आणि मागोमाग भीती वाटली.

संध्याकाळी प्रमुखबाईंनी दोघींना आत बोलावलं. समोर ट्रे होता.

"बारकीताई, वीसपैकी वीस. अभिनंदन. आता मला एक सांगा. विसाव्या माशीला केसांची रांग नाही. नियमाने ही घरमाशीच्या कुळात जायला हवी. तुम्ही तिकडे घातली नाहीत."

"रांग नाही, पण रांगेची भोकं आहेत," बारकी खाली बघत म्हणाली. "सात इकडे, आठ तिकडे. धागा निघाला तरी सुईचं भोक राहतंच कापडात. तसं."

"मी पाहिलं. आहेत." प्रमुखबाई ताईकडे वळल्या. "हा नमुना तुमच्या नजरेतून सुटला कसा?"

"जुना होता," ताई म्हणाली. "झडले असतील."

बारकीने एकदाच मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

दोघी जिना उतरल्या. रस्ता ओलांडला. सायकलवाल्याच्या दुकानापाशी आल्यावर बारकी थांबली.

"झडलेल्या केसांच्या भोकात धूळ बसते, ताई. त्या माशीच्या पाठीवर वीस वर्षांची धूळ होती आणि कुशी लख्ख होती. ब्रशाचे ओरखडेसुद्धा दिसत होते."

ताई म्हणाली, "अगं..."

"मला नापास करायचं होतं तर तोंडावर सांगायचंस, बसू नकोस म्हणून. मी बसले नसते. तुला माहीत आहे, मी बसले नसते." तिचा आवाज चिरकला. "त्या बिचाऱ्या मेलेल्या माशीने काय घोडं मारलं होतं तुझं?"

"बारके, ऐक..."

"मी उद्या येणार नाही. परवाही नाही. तुझी खोली तुला लखलाभ."

ती वर गेली आणि दार लावून घेतलं.

खोटं कशाला सांगायचं, पहिले दोन दिवस ताईला हलकं वाटलं. दिवा आपल्या टेबलावर, दुसऱ्या सूक्ष्मदर्शकावर कापड टाकलेलं. एक विद्यार्थी आला, त्याने तिलाच विचारलं, तिने बरोबर सांगितलं. तिसऱ्या दिवशी प्रमुखबाई म्हणाल्या, "बारकीताईंनी पद नको असं कळवलंय. कारण दिलेलं नाही. तुम्हाला काही माहीत आहे?" ताई "नाही" म्हणाली आणि जागेवर आली. समोर परीक्षेचे ट्रे मोडून खणात परत ठेवायचे होते. ती हिरवी माशी हातात आली. आता ही तशीच खणात गेली तर पुढे केव्हातरी, ताई नसताना, कुणीतरी ती उघडेल, रांग नाही असं बघेल आणि चुकेल. त्याच्यावरून दुसरा चुकेल. या खोलीत खोटी माशी ठेवायची नाही हा तिचा स्वतःचा नियम होता. बहिणीशी खोटं वागणं तिने निभावून नेलं होतं, पण हे तिला जमेना.

तिने काळी शाई घेतली आणि नखाएवढ्या चिठ्ठीवर लिहायला बसली. एका चिठ्ठीत मावेना, दोन लागल्या. "दोन्ही कुशींवरचे केस नमुना तयार करणारीने मुद्दाम घासून काढले." खाली तारीख आणि सही. त्या टाचणीत खोचल्या आणि माशी तशीच प्रमुखबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली.

प्रमुखबाईंनी भिंग लावून चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली.

"अठ्ठावीस वर्षांत तुमच्या हातून एकही नमुना बिघडला नव्हता."

"हा बिघडला. बिघडवला."

"का?"

ताईने खूप कारणं जुळवून आणली होती. ती सगळी तिने सोडून दिली. "मला तिचा मत्सर वाटतो," ती म्हणाली.

प्रमुखबाईंनी भिंग खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "ताकीदपत्र द्यावं लागेल. त्यात कारण लिहावं लागतं."

"हेच लिहा."

पत्र आलं. वर्षभरासाठी खणांच्या किल्ल्या काढून घेतल्या गेल्या आणि ताईने फक्त नव्या बाटल्या बघायच्या असं ठरलं. पत्राची घडी घेऊन ती बारकीच्या खोलीवर गेली. बारकी खिडकीत बसून स्वतःचाच पडदा सांधत होती. तिने पत्र वाचलं, घडी घालून परत दिलं.

"किल्ल्या कुणाकडे राहणार?"

"पद घेतलंस तर तुझ्याकडे."

बारकीने दोरा दाताने तोडला. "तू कबूल केलंस म्हणून मी यायची नाही. आधीच सांगून ठेवते."

"नको येऊस माझ्यासाठी."

"बत्तीस पेट्या राहिल्यात. त्या सोडवत नाहीत." मग म्हणाली, "चहा घेणार असशील तर पातेलं तिकडे आहे. मी उठणार नाही."

ताईने चहा केला. दोघींनी तो खिडकीत बसून घेतला.

सोमवारी बारकी कामाला आली. पुढचे पाच-सहा महिने त्या दोघींत माश्यांखेरीज विषय निघाला नाही. "ही कुठली?" "पायांवर बघ." "बघितलं." "मग पंखावर बघ." खण उघडायचा झाला तर ताईला बारकीकडे किल्ली मागावी लागायची. बारकी किल्ली देताना वर बघायची नाही, एवढीच तिने दाखवलेली माया. हळूहळू नवऱ्याच्या विनोदांवर दोघी एकदम हसू लागल्या. बारकी अधूनमधून रविवारी जेवायला येऊ लागली. पण ती हिरवी माशी तिने खणात सगळ्यात पुढे लावली होती, चिठ्ठीसकट, आणि ताईने ती मागे सरकवली नाही.

वर्षाने दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेने बारकीला बोलावलं, पंधरा दिवस तिथल्या लोकांना कुळं ओळखायला शिकवण्यासाठी. ताईला इतक्या वर्षांत कुणी कुठे बोलावलं नव्हतं. तिने नमुन्यांची पेटी बांधून दिली, दोरीला गाठ मारली, बसथांब्यापर्यंत पोचवायला गेली. गाडी यायला वेळ होता.

"बारके, तुला सांगायला हवं," ती म्हणाली. "माझा जीव अजून जळतो. आत्तासुद्धा जळतोय."

"ठाऊक आहे मला," बारकी म्हणाली. "कालपासून तू तिसऱ्यांदा विचारलंस, तिथे किती लोक असणार म्हणून."

"किती असणार?"

"चाळीस."

ताईने मान फिरवली. गाडी आली. बारकी चढली, खिडकीशी बसली आणि पेटी मांडीवर घेतली. "त्या लांब पायांच्या हिरव्या माश्या तू बघून ठेव," ती खिडकीतून ओरडली. "बाविसाव्या पेटीतल्या. मला त्यांची कुळं नीट लावता आलेली नाहीत. दोनदा चुकले."

"दोनदा?" ताईने विचारलं, आणि तिचा चेहरा जरासा उजळला.

गाडी सुटली. ताई तिसऱ्या मजल्यावर गेली, दिवा ओढून घेतला आणि बाविसावी पेटी उघडली.